दहा टनांच्या पुलावरचा नंदी

तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाताना आतल्या रस्त्याला कालव्यावर एक जुना, अरुंद पूल लागतो. त्याच्या मधल्या खांबाला तडा गेला आणि दुरुस्ती होईपर्यंत दहा टनांहून जड गाडी सोडायची नाही, असा हुकूम निघाला. हुकूम काढणारे साहेब पंख्याखाली बसत. पुलाच्या तोंडाशी उन्हात उभा राहणारा ज्युनियर इंजिनियर म्हणजे मी.

माझ्याकडे चाकांखाली ठेवायच्या चपट्या लोखंडी पाट्या होत्या. त्यांच्यावर लॉरी चढवली की वजनाचा आकडा दिसायचा. आकडा दिसला की भांडण सुरू व्हायचं. पेंढा नेणारा म्हणे, "सार, हा नुसता वारा आहे." विटावाला म्हणे, "विटा ओल्या आहेत, पलीकडे जाईपर्यंत वाळतील." दोन आठवड्यांत मला सगळी उत्तरं पाठ झाली होती. पण त्या शुक्रवारी जी लॉरी आली, ती त्यांतल्या कशातच बसत नव्हती.

आधी सनईसारखं नादस्वरम ऐकू आलं, मग लॉरी दिसली. तिच्यावर काळ्या ग्रॅनाइटचा एक भलामोठा नंदी होता, गळ्यात झेंडूच्या माळा. त्याच्या भोवती, पाठीशी, पायांशी, मिळेल तिथे माणसं बसली होती. वाजंत्रीवाले ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपावर. पलीकडच्या गावच्या देवळात नंदी बसवायचा होता, आणि साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत त्याला गावात न्यायचं होतं. तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

मी पाट्या मांडल्या. देवळाचे विश्वस्त, पांढरी वेष्टी नेसलेले एक भारदस्त गृहस्थ, लॉरीवरून खाली वाकून म्हणाले, "देवाला काट्यावर चढवणार?"

"देवाला नाही, लॉरीला."

आकडा आला साडेअकरा टन. "बघा!" विश्वस्त अभिमानाने सगळ्यांकडे वळले. "काय तेज आहे मूर्तीत!"

मी शिल्पकाराची चिठ्ठी मागितली. नंदी तीन टनांचा. रिकाम्या लॉरीचं वजन दारावरच रंगवलेलं होतं, सहा टन. मी दोनदा बेरीज केली. "अहो, देव दहा टनांत बसतो," मी म्हणालो. "बसत नाही ते तुम्ही."

वाजंत्री थांबली. जवळजवळ चाळीस माणसं एकमेकांच्या पोटांकडे बघू लागली. प्रत्येकाच्या नजरेत, जादा ते दीड टन शेजाऱ्याचं होतं.

तेवढ्यात नंदीच्या वशिंडामागून अस्सल तंजावरी मराठीत आवाज आला, "अरे, कसाला अडवून धरलास आम्हास्नी?"

ती माझी आत्या होती. तिचे यजमान त्याच गावच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि निवृत्तीनंतर दोघं तिथेच राहिले होते. आता ती मांडीवर गोड पोंगलभाताचं पातेलं घेऊन देवाला टेकून बसली होती. सगळ्या गर्दीत मराठी कळणारे आम्ही दोघंच.

"आत्या, उतरा. तुम्ही उतरलात की बाकीचेही उतरतील."

"माझं वजन तें काय असणार?" मग आवाज खाली आणून, "आणि असेल तें असो. आकडा तमिळीत सांगू नकोस."

मी शपथ घेतली, तेव्हा ती उतरली. मागोमाग बाकीचेही कुरकुरत उतरले. मी परत वजन केलं. नऊ टन आणि थोडंसं. मी हात हलवला, लॉरी सुरू झाली. आणि ते चाळीसच्या चाळीस भक्त लॉरीला हात लावून तिच्या मागे दाटीवाटीने पुलाकडे निघाले.

मी धावत जाऊन लॉरीसमोर हात पसरून उभा राहिलो.

"आता काय झालं?" विश्वस्त ओरडले. "उतरलो ना आम्ही?"

"गाडीवर बसा की गाडीला चिकटून चाला, पुलाला तेवढंच वजन होतं!"

हे कोणालाच पटलं नाही. खरं सांगायचं तर बोलताना मलाही ते अन्यायाचंच वाटलं. लोक म्हणाले, देव एकटा जाणार नाही. दहा वाजले. मागे एका बसचा हॉर्न सुरू झाला. विश्वस्तांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी दोन्ही बाजूंना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.

आत्याने पातेलं माझ्या हातात दिलं आणि पदर खोचला. "सून घरी येते," ती तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाली, "तेव्हा सासरची माणसं तिला मागून ढकलत आणतात, की दारात उभी राहून ओवाळतात?"

पाच मिनिटांत सगळे पलीकडे होते. दोन तुकड्यांत, मी सांगितलं तसे. सगळ्यांत पुढे वाजंत्री.

लॉरी निघाली तेव्हा मी पुलाखाली उतरलो. तड्यावर आम्ही प्लास्टरची एक पट्टी लावून ठेवली होती. तडा जरा जरी हलला तरी ती फुटणार. घोटाभर पाण्यात, हातात पोंगल घेऊन मी त्या पट्टीकडे बघत उभा राहिलो. डोक्यावरून घरघर गेली, थोडी माती माझ्या मानेवर पडली. पट्टी अख्खी राहिली. मला हात जोडायचे होते, पण ते रिकामे नव्हते.

बोटं चाटत वर आलो तर पलीकडे आरती चालली होती. दहा वाजून वीस मिनिटं. विश्वस्तांनी मला गंध लावलं आणि मोठ्याने विचारलं, "उतरलेली माणसं आता लॉरीवर चढली तर चालेल ना?"

चालेल, म्हणालो. आत्या सगळ्यांत आधी चढली. वरूनच तिने पातेलं मागून घेतलं, झाकण उघडून बघितलं आणि मराठीत म्हणाली, "हें हलकें कसें झालें रे?"