एक पान जादा

एसटी स्टँडवर ‘चौकशी’ असं लिहिलेली एक खिडकी असते. तिथे लोक विचारतात आणि आतला माणूस त्रासून उत्तर देतो, किंवा देतही नाही. आमच्या काकींचं बरोबर उलटं होतं. समोर येईल त्याला त्याच विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. म्हणून अख्खी वाडी त्यांना चौकशीकाकी म्हणायची. त्यांना हे नाव ठाऊक होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असाही प्रश्न त्या विचारत.

त्यांची सगळी चौकशी एकाच गोष्टीची असे. मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देत. गोव्याला आलेले गोरे-काळे, उंच-बुटके लोक तिथून सरकत सरकत इथवर येत. पाहुण्याने पिशवी खाली ठेवली, सोलकढी प्यायली, की काकी समोर पाट घेऊन बसत आणि विचारत, “युवर फेस्टिवल, वॉट मस्ट?” एवढं इंग्रजी त्यांनी मुद्दाम शिकून घेतलं होतं. अर्थ असा, की तुमच्या सणात अशी कोणती वस्तू आहे जी नसली तर सण झालाच नाही? बाकी भाषेचं काम हातवाऱ्यांवर आणि पाहुण्याच्या मोबाइलवर चाले.

या चौकशीचं मूळ मात्र परदेशात नव्हतं, वेंगुर्ल्यात होतं. काकी माहेरच्या वेंगुर्ल्याच्या. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला त्यांनी हौसेने हळदीच्या पानातले पातोळे केले, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “आमच्यात आज पातोळे करनत नाय.” या जाऊबाईंना सगळे जिजी म्हणतात. दुसरी एखादी नवी नवरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन रडली असती. काकींनी विचारलं, का करत नाहीत? मग केव्हा करतात? शेजारच्या वाडीत करतात का? जिजी वैतागल्या. एवढ्याशा अंतरावर सण बदलतो, तर समुद्रापलीकडे काय काय होत असेल, या विचाराने आपल्याला झोप लागली नाही, असं काकी सांगत. त्यांच्या हिशेबी परदेश वेंगुर्ल्यापासूनच सुरू होत होता.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो चतुर्थीच्याच दिवशी. मी वर्ध्याकडचा. बँकेत लागलो आणि पहिलीच बदली मालवणला झाली. कोकणात चतुर्थीला शाखेतला प्रत्येक स्थानिक माणूस रजेवर जातो आणि परगावचा बिचारा त्यांची टेबलं सांभाळतो, हे मला आल्यावर कळलं. सणाच्या दिवशी बँक बंद होती, पण एका दिवसात वर्ध्याला जाऊन येणार कसा? खानावळी बंद, हॉटेलं बंद. घराघरातून आरत्या आणि उकडीच्या मोदकांचा वास येत होता आणि मी बिस्किटाच्या पुड्याच्या शोधात फिरत होतो. एका घराच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणातल्या फाटकापाशी, एक बाई रस्त्याकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जुनी ओळख असल्यासारखं विचारलं, “रे, जेवलंस?”

मी नाही म्हणताच त्यांनी माझा दंड धरला. पडवीत पंगत बसली होती. एक केळीचं पान वाढून तयार होतं आणि त्याच्यासमोरचा पाट रिकामा होता. मला तिथे बसवलं. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर, मोदक. मी पहिला घास उचलतो न उचलतो तोच समोरून जिजींचा आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता, काकींसाठी होता. पण लागला मला.

“जित्या माणसाचा पान मांडलंस? पितरांक मांडतत तसा?”

माझा घास हातातच राहिला. प्रकरण मला पंगत उठल्यावर कळलं. काकींचा एकुलता मुलगा सुहास न्यूझीलंडला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. कोकणातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, चतुर्थीला घरी येतोच. त्या वर्षी सुहासला पहिल्यांदाच रजा मिळाली नव्हती. काकींनी त्याचं पान तरीही मांडलं. आता इकडच्या रीतीत, जो जेवायला येणार नाही त्याचं पान फक्त म्हाळाला मांडतात, गेलेल्यांसाठी. धडधाकट, चालत्याबोलत्या मुलाचं तसं पान मांडणं म्हणजे जिजींच्या लेखी अभद्र होतं. त्यांचं चुकत होतं असं मी कधीच म्हणणार नाही. सुहासला त्यांनीच कडेवर वाढवला होता. त्या घाबरल्या होत्या.

काकी मात्र घाबरल्या नव्हत्या. माझ्या पानात आणखी एक वडा टाकत त्या शांतपणे म्हणाल्या, “पान रिकामा खंय आसा? हेच्यार माणूस बसलो मा? मगे झाला.”

ही कल्पना त्यांना एका पोलंडच्या पाहुण्याने दिली होती. त्याचं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. त्याला त्या ‘रिकाम्या ताटाचो’ म्हणत. तो नाताळात उतरला होता. त्याने नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड मागितलं आणि त्याच्याखाली घालायला मूठभर गवत. काकींनी गोठ्यातून आणून दिलं. त्या दिवशी मांस खायचं नाही, मासे चालतात, असं त्याने सांगितल्यावर काकींना तो देश एकदम आवडला. मासे खाऊन उपास करणारे लोक आपल्यापेक्षा शहाणे, असं म्हणून त्यांनी त्याला सुरमई तळून दिली. मग त्याने एक ताट जास्त मांडलं. कोण येणार आहे? कोणी नाही. मग कोणासाठी? अवचित कोणी आलंच तर, त्याच्यासाठी.

त्या रात्री कोणी आलं नाही. पाहुणा निवांत जेवला. त्यांच्याकडे ताट मांडलं की रीत पाळली गेली, कोणी आलं-न आलं तरी बिघडत नाही. काकींना मात्र चैन पडेना. त्या सारख्या बेड्यापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होत्या. वाढलेलं ताट तसंच राहतं म्हणजे काय, हे कोडं त्यांना पुढे कितीतरी दिवस सुटलं नाही. पुढच्या चतुर्थीला सुहास येत नाही म्हटल्यावर त्यांनी ती रीत उचलली आणि आपल्या हिशेबाने दुरुस्त केली. पान मांडायचं, पण रिकामं ठेवायचं नाही. माणूस आला नाही तर रस्त्यावर जाऊन आणायचा. तो पहिला माणूस मी.

जेवण झाल्यावर माझी चौकशी झालीच. वर्धादेखील त्यांच्या लेखी परदेशच होता. तुमच्यात मोठा सण कोणता? मी पोळा म्हटलं. त्यात काय नसलं तर पोळा होत नाही? मी विचारात पडलो. आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. मग आठवलं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि बैलाला सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. काकी कितीतरी वेळ हसत राहिल्या. बैलाला आदल्या दिवशी आमंत्रण देतात आणि त्याच गावचा पोरगा सणाला रस्त्यावर उपाशी फिरतो, हे त्यांना पटेना. त्यानंतर दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या फोन करून मला म्हणत, “आज आवतण घी, फाल्यां जेवक ये.” बैल म्हणून का होईना, मला आमंत्रण असे.

संध्याकाळी बँकेतून सुटलो की मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. काकी एखाद्या पाहुण्याचं सांगता सांगता सगळ्या देशांची सरमिसळ करत. इराणच्या एका मुलीने वसंतातल्या नव्या वर्षाला ताटलीत गहू उगवतात असं सांगितलं होतं. ते तर आपलं घटावरचं रुजवणच, म्हणून काकींनी तिला थेट देवघरात नेऊन जागा दाखवली होती. एक जपानी जोडपं वर्ष संपताना घर झाडून लांबलचक शेवया खातं, हे ऐकून ‘आमच्या शिरवळ्या खावन बघा’ म्हणून आग्रह केला होता.

सुहासच्या देशाचं त्यांना सगळ्यात नवल. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. लोक समुद्रावर डुंबतात आणि दुकानांच्या काचांवर मात्र कापसाचा बर्फ चिकटवलेला असतो. मी हसलो. काकी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की आपण तरी काय करतो? मालवणात घाम पुसत पुसत संक्रांतीला तीळ खातो, थंडीचे म्हणून. दिवाळीला पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडायला सुहासला तिकडे कारीट मिळेना. ते कडू, लिंबाएवढं रानफळ तिकडे कुठून असणार? त्याने बोराएवढा कोबी मिळतो तो फोडला. हे धरावं की धरू नये यावर काकींनी बरेच दिवस डोकं चालवलं. शेवटी त्यांनी फोनवर विचारलं, “कडू होतो मा?” थोडा होता, असं तो म्हणाला. मग चालतं, असा निकाल झाला. पण फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मुलगा येत नाही हे दुःख त्या उत्सुकतेखाली दडपून ठेवत होत्या, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

वर्षं गेली. सुहासचं ‘यंदा नक्की’ दर वर्षी हुकत गेलं. त्याच्या पानावर कोण कोण जेवून गेलं: एक कुल्फीवाला, एक चुकलेला बुलेटस्वार, मोबाइलच्या टॉवरवर काम करणारा एक बिहारी. जिजी दर वर्षी त्या पानाकडे पाठ करून बसत. माझी बदली कणकवलीला झाली, तरी चतुर्थीला मी जायचोच.

अशाच एका चतुर्थीला पानावर बेळगावकडचा एक टेम्पोवाला बसला होता. वरणभात कालवून झाला होता. इतक्यात बेड्यापाशी टॅक्सी थांबली आणि खांद्याला पिशवी लावून सुहास दारात उभा राहिला. गोव्याच्या विमानतळावरून थेट आला होता, कोणालाही न कळवता. टेम्पोवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याला समजलं. तो उठू लागला. काकींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग मुलाकडे वळल्या.

“इलंस? हात-पाय धू. ती जागा भरली हा. माझ्या पानार बस.”

सुहास आईच्या पानावर बसला आणि मान खाली घालून जेवू लागला. काकी भिंतीला टेकून नुसत्या बघत उभ्या राहिल्या. तेव्हा जिजी उठल्या. त्यांनी माजघरातून केळीचं एक पान आणलं, टेम्पोवाल्याच्या शेजारी पसरलं, पाणी शिंपडलं आणि मीठ, लोणचं, उसळ असं डावीकडून नीट वाढायला घेतलं. काकींना वाटलं ते आपल्यासाठी. त्या पुढे झाल्या, तर जिजींनी त्यांना हाताने थांबवलं.

“तू मगे बस माझ्यावांगडा. ह्या रस्त्यावयल्याचा. आजून कोणतरी आसतलो.”

काकींना जाऊन आता दीड वर्ष झालं. उन्हाळ्यात थोडं तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सुहास तेव्हा आला होता. दुखवट्यामुळे त्या वर्षी घरात चतुर्थी झाली नाही. यंदाच्या चतुर्थीला त्याला रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी फोन येणार नाही हे माहीत असूनही मी संध्याकाळभर फोन जवळ घेऊन बसलो होतो. सकाळी निघालो, उशिराच पोहोचलो. पंगत बसलेली. एक पान वाढून तयार, समोरचा पाट रिकामा. बेड्यापाशी कोणीच उभं नव्हतं. मी पहिल्या वर्षीसारखा त्या पाटावर जाऊन बसलो.

जिजी हातात भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. वाकवत नाही आता त्यांना.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “तुझा पान थंय आसा, माझ्या बाजूक. तू आता घरचो. भायर जा, रस्त्यार कोण गावता काय बघ. जेवण निवता.”

मी उठलो, चपला घातल्या आणि बेड्यापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो.