भोंग्याचा तिसरा आवाज

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण बस स्टँडवरच्या ड्रायव्हरांपैकीच कुणीतरी ठेवलं असणार. असल्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. स्टँडच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. तिच्यात एक खुर्ची, एक टेबल, एक मायक्रोफोन आणि नोकरीची सगळी वर्षं हा माणूस. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं तो सांगायचा. आवाज काय होता म्हणता! भरदार, संथ, एकेक शब्द सुटा. गाडी उशिरा येणार आहे हे त्याने सांगितलं की लोकांना वाटायचं, जाऊ दे, असेल काहीतरी तिचं कारण.

घरात मात्र हाच माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. सगळा आवाज स्टँडवर संपवून येतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

तो रिटायर झाला आणि घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढायचं, नाहीतर माणूस हातचा जाईल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा आणि बोलणं कायमचं बंद. त्या दिवशी भोंगा घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. बायकोला तेव्हा त्याचा रागच आला. चार दिवस उरलेत, तेवढ्यात तरी बोला की.

हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम दाखवला. ऑपरेशनच्या आधी माणसाने पुष्कळशी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, प्रोग्राम त्यातून त्याचा आवाज तयार करतो. पुढे आपण टाइप करायचं आणि लॅपटॉपने आपल्या आवाजात बोलायचं. भोंगा बसला रेकॉर्डिंगला, आणि तिथेच घोटाळा झाला. जन्माची सवय. समोर मायक्रोफोन दिसल्याबरोबर पाठ ताठ, हनुवटी वर, आणि 'आज हवा छान आहे' हे वाक्य त्याने गाडी फलाटाला लागल्यासारखं वाचलं. बाई म्हणाल्या, घरी बोलता तसं बोला. तो बरं म्हणाला आणि पुढचं वाक्यही तसंच. शेवटी बाईंनी हात टेकले. ऑपरेशन तोंडावर आलं होतं, घसा सुजलेला होता, जे मिळालं ते घेतलं.

तर घरी आला तो असा. लॅपटॉप मांडीवर, दोन बोटांनी टाइप करणार, आणि मग खोलीभर घुमणार, 'भाजीत मीठ कमी आहे.' बायको आधी दचकली, मग हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. पुढे दर वेळी ती विचारायची, "कुठल्या फलाटावर?" खरं सांगायचं तर नवराबायकोचं धड बोलणं त्या घरात सुरू झालं ते ऑपरेशननंतर. गडी आता पुटपुटू शकत नव्हता ना.

पण हा आवाज त्याला हवा होता तो अक्कासाठी. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. लहानपणीच तिची दृष्टी गेली होती. आई लवकर गेली तेव्हा याला तिनेच वाढवलं. चाचपडत न्हाऊ घातलं, बोटं भाजून घेत जेवू घातलं. आता म्हातारपणी ती मुलीकडे राहत होती, समुद्रापलीकडे, विमानानेच जायचं एवढं लांब. रोज दुपारी, तिकडे सकाळ असताना, भोंग्याचा तिला फोन जायचा. अक्काचा भाऊ म्हणजे तो आवाज. तिच्याजवळ त्याचं दुसरं होतं काय?

अक्काचं हृदय नाजूक, म्हणून गाठीचं नि ऑपरेशनचं तिला कळू द्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही हा त्या घरचा जुना खाक्या. फोन लागला की भोंगा टाइप करायला बसायचा आणि तोवर बायको खिंड लढवायची. हवा, गुडघे, शेजारीण. मग लॅपटॉप फोनजवळ धरून तो बोलायचा. अक्का म्हणायची, हल्ली थांबून थांबून बोलतोस, उशिरा का होईना अक्कल आली. तिकडे जाण्याआधी ती स्टँडच्या बाकावर त्याच्या घोषणा ऐकत तासन्‌तास बसायची, त्यामुळे तो सूर तिला खटकला तर नाहीच, उलट आवडला. बरीच वर्षं असं निभावलं.

मग लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात एक सूचना यायला लागली. प्रोग्रामची नवी आवृत्ती येत आहे, ती तुमच्या जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, जुनी आवृत्ती बंद होणार आहे. खाली 'नंतर' असं एक बटण असायचं. भोंगा ते दाबायचा. बायको म्हणायची, एकदा कुणाला तरी दाखवा हो. पण सगळी हयात त्याने 'येत आहे, येत आहे' म्हणून गाड्या पुकारल्या होत्या, आणि त्यातल्या किती आल्या ते त्यालाच माहीत. येत आहे म्हणतात तेव्हा घाई करायची नसते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. ही मात्र आली.

एक दिवस प्रोग्राम उघडेना. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला आला, त्याने लॅपटॉप उलटापालटा केला, तारीख मागे नेऊन पाहिली, इंटरनेट काढून पाहिलं. उघडण्याआधी प्रोग्राम कंपनीला विचारतो आणि कंपनी नाही म्हणते, असं त्याचं निदान. नवी सिस्टिम टाकावी तर या म्हाताऱ्या लॅपटॉपला ती पेलणार नाही. मग नवा लॅपटॉप आणला, नवा प्रोग्राम घातला. तो नीट चालला. फक्त जुन्या पद्धतीने बनवलेला आवाज त्याला वाचता येत नव्हता.

मूळ रेकॉर्डिंग हॉस्पिटलात मिळेल म्हणावं, तर त्या बाई केव्हाच सोडून गेल्या होत्या आणि मशीनही बदललं होतं. स्टँडवर तर सगळं रोजचं ताजं, साठवून कोण ठेवतो? शेवटी बायकोने कंपनीला कळवलं. उत्तर आलं, अगदी गोड शब्दांत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया शांत खोलीत बसून आपला आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा. तिने ते त्याला वाचून दाखवलं. भोंग्याचे खांदे हलायला लागले, गळ्याच्या भोकातून हवा जोरजोरात आत-बाहेर व्हायला लागली. तिला वाटलं हसताहेत. हसत नव्हता तो. कुठल्या खुर्चीवर बसून कुणी ते उत्तर लिहिलं असेल, त्याच्या घरी कधी कुणाला घशाचं दुखणं न येवो, एवढंच मी म्हणतो.

नव्या प्रोग्रामात तयार आवाज होते. त्यातला एक घेतला. गुळगुळीत, दारावर विमा विकायला आलेल्या माणसाचा असतो तसा.

या सगळ्या धांदलीत अक्काचा फोन आला आणि बायकोच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, यांचा घसा बसलाय. बोलता येत नाही." बोलली आणि जीभ चावली, पण शब्द गेला होता. कारण हेच शब्द त्या घराने एकदा वापरले होते. मधला भाऊ गेला तेव्हा अक्काला काही महिने हेच सांगत होते, घसा बसलाय, बोलता येत नाही. कळलं तेव्हा अक्काने अंथरूण धरलं होतं.

"मधल्याचाही घसाच बसला होता," अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भोंग्याने नव्या आवाजात तिला सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, कॉम्प्युटर, काही म्हणता काही लपवलं नाही. अक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही छान समजावून सांगता, पण माझ्या भावाला फोन द्या. लहानपणी मी त्याला काय हाक मारायचे, असं तिने विचारलं. त्याने बरोबर सांगितली. ते तर वहिनीलाही ठाऊक आहे, ती म्हणाली. भाचीच्या फोनवर भोंग्याने कधीतरी पाठवलेली शुभेच्छा होती, जुन्या आवाजातली. ती तिला ऐकवली. गेलेल्या माणसाचा आवाज जपून ठेवतातच लोक, असं म्हणून ती भिंतीकडे वळली. स्वतः जाऊन तिच्या हातात हात द्यावा, तर भोंग्याची फुप्फुसं इतकी खचली होती की डॉक्टर विमानाचं नाव काढू देत नव्हते. अक्काला तर खोलीबाहेरही धरून न्यावं लागायचं.

अक्काने जेवण सोडलं. घोटभर पाण्यावर दिवस काढायला लागली. भाची फोनवर रडत होती. "मामा, ती कुणाचंच ऐकत नाही. मला खरं सांगा, एवढंच म्हणते. तो कधी गेला ते सांगा. अशी राहिली तर जाईल ती."

त्या दुपारी बायको भाजी निवडत बसली होती. भोंग्याने लॅपटॉप तिच्याकडे पाठ करून ठेवला आणि फोन लावला. भाचीने तो अक्काच्या कानाला लावला. त्याने बटण दाबलं आणि विमेवाला बोलायला लागला.

"अक्का, मी त्याचा मित्र. स्टँडवर आम्ही बरोबर होतो. त्या दिवशी घरच्यांनी सांगितलं तसं बोललो. तुमचं खरं आहे. तो गेला."

बायकोच्या मांडीवरची भाजी खाली सांडली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने ते हळूच सोडवलं, कारण टाइप करायला दोन्ही हात लागत होते.

"त्रास झाला का त्याला?" अक्काने विचारलं.

"नाही. झोपेत गेला."

"माझं नाव काढलं?"

त्याने बरंच टाइप केलं. मग ते पुसून टाकलं. "शेवटपर्यंत," एवढंच ठेवलं.

अक्का रडली. पोटातून, मोठ्याने, कितीतरी वेळ रडली, आणि भोंगा आपल्याच मरणाचं रडणं फोनला कान लावून ऐकत राहिला. तिला अडवायला त्याच्याजवळ आवाज नव्हता आणि आता तोंडही नव्हतं. रडं ओसरल्यावर अक्का म्हणाली, तुम्ही परके असून खरं बोललात, घरच्यांना नाही जमलं. मग मुलीला हाक मारून तिने काहीतरी खायला मागितलं. ताटाचा आवाज आला, चमच्याचा आला. भोंग्याने डोळे मिटले.

तुम्ही उद्याही फोन कराल का, असं अक्काने खाता खाता विचारलं. तो करतो म्हणाला.

आता रोज दुपारी तो फोन करतो. बायको शेजारी बसते, पण तिला मध्ये बोलता येत नाही, मित्राच्या घरात ती कुठून असणार? अक्का खुशीत असते. तिला भावाविषयी बोलायला कुणीतरी मिळालं आहे. आई गेली त्या दिवशी तो किती एवढासा होता, काय मागत होता, कुणाच्या कुशीत जाऊन झोपला, ती सांगत असते. यातलं बरंचसं भोंग्याने आजवर कधी ऐकलेलंच नव्हतं. पुढे काय झालं ते विचारावंसं त्याला फार वाटतं. बोटं बटणांवर जातात आणि थांबतात. परक्या माणसाने किती खोदून विचारायचं?