माघारीचं बटण

दोन दिवसांसाठी आलेला माझा धाकटा भाऊ आईच्या खाटेशेजारी बसून लॅपटॉपवर लढाईचा खेळ खेळत होता. पडद्यावर पुलाच्या तोंडाशी लांब भाले रोखून जपानी सामुराई उभे होते, त्याच्या फौजेतले सगळ्यात कसलेले. समोरून घोडदळ आलं तशी त्याने बाकीची फौज मागे घेतली.

"अरे, यांनाही घे की मागे!"

"ताई, हे जागा सोडत नाहीत. म्हणून तर यांनाच पुढे ठेवायचं."

माझं डोकंच फिरलं. न पळणाऱ्याला हेच बक्षीस? सहा वर्षं आईचं अंथरूण मी एकटी बदलतेय आणि हा दर फोनवर म्हणतो, "तू आहेस, म्हणून आम्ही निर्धास्त."

भाले एकेक करून पडत होते. मी त्याच्या हातातला माऊस हिसकावला.

"माघारीचं बटण कुठलं, ते दाखव आधी."