कुंकवाची बाजू

फळी वीतभर आत गेली आणि धूर यायला लागला.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. मी उलट आणखी जोर लावला. समोर सेठ हाताची घडी घालून उभे होते. दाराशी ठोकणीच्या, म्हणजे पेट्यांना खिळे मारणाऱ्या, बायका जमल्या होत्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही फळी चिरली नाही तर उद्यापासून घरी बसावं लागणार.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचं पॅकिंग केसचं युनिट होतं. पॅकिंग केस म्हणजे पंप, मोटारी, मशिनरी बाहेरगावी पाठवायच्या मोठाल्या लाकडी पेट्या. सेठ सिंधी, उल्हासनगरचे. मीही उल्हासनगरचीच, चार नंबर कॅम्पातली. त्यामुळे सेठ मला गाववाली समजायचे आणि गाववाली म्हणून जरा जास्तच ओरडायचे.

मी तिथे सहा वर्षं पेट्या ठोकत होते. दिवसभर हातोडा आणि खिळे. सातव्या वर्षी उजवं मनगट सुजायला लागलं. संध्याकाळी भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, "हातोडा सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल." घरी दोन मुली शाळेत, मिस्टरांची नोकरी कंत्राटी. हातोडा सोडायचा म्हणजे नोकरीच सोडायची, कारण आमच्या युनिटात बायकांना दुसरं काम नव्हतं.

त्याच सुमारास आमचा सर्क्युलरवाला ऑपरेटर नोकरी सोडून आखातात गेला. सर्क्युलर म्हणजे सर्क्युलर सॉ. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध एक फट, आणि त्या फटीतून वर आलेलं दातेरी गोल ब्लेड. खाली मोटार. आपण टेबलावरून फळी पुढे सरकवायची आणि ब्लेड ती उभी चिरत जातं. सगळ्या युनिटात भीतीने बघायचं मशीन तेच.

भोईर मिस्त्री आमचे हेडमिस्त्री. बदलापूरजवळच्या जांभूळ गावचे. पन्नाशीचे, काटक, बोलायला फटकळ. त्यांनी सेठना परस्पर सांगून टाकलं, "शोभाला शिकवतो मशीन. तिचा हात दुखतो, पण नजर सरल हाय."

सेठ हसले. "औरत सर्क्युलर चलाएगी? मिस्त्री, तुम्हारा दिमाग ठिकाने पे है ना?"

"दसऱ्यानंतर ट्रायल घ्या. नाय जमलं तर दुसरा बघा."

सेठ कबूल झाले, पण अट घातली. ट्रायलच्या वेळी मिस्त्रींनी लांब उभं राहायचं. खुणा करायच्या नाहीत, तोंड उघडायचं नाही.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला काचेच्या बांगड्या काढून डब्यात ठेवायला लावल्या. साडीवर मिस्टरांचा जुना शर्ट घालायला लावला आणि पदर आत नीट खोचायला लावला. सुरुवातीचे काही दिवस स्विचला हात लावू दिला नाही. बंद मशीनवर नुसती फळी सरकवायची. डाव्या हाताने गाईडला, म्हणजे बाजूच्या लोखंडी पट्टीला, फळी चिकटून ठेवायची. उजव्या हाताने ढकलायचं. शेवटचा तुकडा हाताने ढकलायचाच नाही, त्यासाठी खाच पाडलेली लाकडी काठी होती.

"फळी तिरकी गेली का मागचे दात तिला उचलतात आनि तुझ्याच पोटात मारतात," मिस्त्री म्हणाले. "तिला आमी लाथ बोलतो. लाथ बसली का डॉक्टरलाच बोलवायचं."

मग मशीन चालू करून ते मला नुसतं ऐकायला सांगायचे. मोकळं ब्लेड फिरतं तेव्हा आवाज बारीक असतो. लाकूड लागलं की जाड होतो. लाकूड अडकलं की दबतो. मी डोळे मिटून ऐकायची आणि बाहेरच्या बायका हसायच्या.

एकदा एक ओली फळी पुढे जाईना म्हणून मी अंगाचा भार टाकला. मिस्त्रींनी मशीन बंद केलं.

"जोर कशाला लावतेस? मशीन काय म्हैस हाय, ढकलायला? हितं तुझा जोर लागला ना, तर समजायचं कायतरी चुकलंय. बंद करायचं आनि बघायचं."

"आणि फळी अर्धीच राहिली तर?"

"राहू दे. फळी दुसरी मिलते."

मशीनचं लाल बटण त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम खाली बसवून घेतलं, गुडघा मारला की बंद होईल असं. दोन्ही हात फळीवर असताना मशीन बंद करता यावं म्हणून. सेठ त्या वायरिंगवरूनही कुरकुरले होते.

ब्लेड काढणं-बसवणंही शिकले. ब्लेडच्या एका बाजूला कंपनीचा छाप असायचा. मिस्त्रींनी दोनदा बसवून दाखवलं आणि सांगितलं, "छाप बाहेर." मी ते पाठ केलं. छाप बाहेर का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीन धुण्याचा कार्यक्रम असायचा. सगळी ब्लेडं काढायची, रॉकेलने पुसायची, पाटावर मांडायची. हातोडे, पक्कड, करवती सगळं झेंडूत बुडून जायचं. पूजा सुमनताई करायच्या. सुमनताई ठोकणीतल्या सगळ्यात जुन्या. कामात कडक, देवधर्मात त्याहून कडक. त्यांनी सर्क्युलरच्या मोठ्या ब्लेडवर हळदकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. ब्लेड पाटावर जसं पडलं होतं तसंच. छाप खाली होता.

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात यातलं काही नाही. कारखान्यात पूजा असली की मी झेंडूच्या माळा ओवायची, चहा द्यायची, पेढा खायची आणि बाजूला उभी राहायची. कोणी कधी काही म्हटलं नाही. पण माणूस आपल्या मनात काय काय जपत असतो.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि ट्रायलचा दिवस उजाडला. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, "सकाळी लवकर ये आनि ब्लेड तूच बसव." मी आले. ब्लेड उचललं. स्वस्तिक तसंच होतं. नियमाप्रमाणे छाप बाहेर घ्यायचा म्हणजे कुंकवाची बाजू आत जाणार.

आणि मी अडले.

सुमनताई आल्यावर बघणार. बाकीच्या बघणार. "हिनं कुंकू आत फिरवलं. हिला काय त्याचं?" कोणी बोललं नसतं कदाचित, पण मनात तरी म्हणणारच, असं मला वाटलं. त्यातून आज ट्रायल. काही बिघडलं तर त्या कुंकवावरच येणार. पुसून टाकायचं तर त्याहून वाईट. गोल चाक, कुठूनही बसवलं तरी सारखंच फिरणार, असा विचार करून मी कुंकवाची बाजू बाहेर ठेवून ब्लेड बसवलं आणि नट आवळला. मशीन चालू झाल्यावर ते कुंकू दोन मिनिटांत उडून जाणार आहे, हे काही मला सुचलं नाही.

आता ब्लेडचं गणित सांगते. सर्क्युलरचे दात सरळ नसतात, एका दिशेला झुकलेले असतात. टेबलाच्या वर येणारे दात आपल्याकडे तोंड करून हवेत, तेव्हाच ते लाकडात शिरतात. ब्लेड उलटं बसलं की मोटार तशीच फिरते, पण दाताची धार मागे जाते आणि पाठ लाकडावर घासत राहते. चिरणं होत नाही. नुसतं घासून लाकूड जळतं.

ट्रायलच्या फळीवर तेच चाललं होतं. आवाज जाड व्हायच्या ऐवजी घोगरा झाला होता. फळीची कड काळी पडत होती. मी मात्र एकच समजून चालले होते, की माझाच जोर कमी पडतोय. बाईमाणसाचा जोर. सेठ हेच तर म्हणत होते. मी पुढे रेलले. उजवा अंगठा फळीच्या कडेवरून ब्लेडच्या बाजूला सरकत होता आणि तो मला दिसतही होता. तरी मी ढकलत होते.

मग मनगटातून कळ आली. त्या कळेने भान आलं. एवढा जोर मी कशाला लावतेय?

मी गुडघा मारला.

मोटार बंद झाली, पण ब्लेड लगेच थांबत नाही. तोवर फळी ओढायची नाही, सोडायची नाही, दाबून धरायची. मी धरून उभी राहिले. भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावलेले भोईर मिस्त्री अर्ध्या वाटेत थबकले. ब्लेड गरगरत गरगरत थांबलं आणि शेडमध्ये एकदम शांतता झाली. फक्त जळक्या लाकडाचा वास.

"क्या हुआ?" सेठ म्हणाले. "डर गई?"

"काहीतरी चुकलंय, सेठ," मी म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

"मैं पहले दिन से बोल रहा हूँ," सेठ मिस्त्रींकडे वळले. "ये औरत का काम नहीं है."

मिस्त्री मशीनपाशी आले. वाकून ब्लेडकडे बघितलं. कुंकवाचा एक लाल ओघळ अजून मधोमध राहिला होता.

"ब्लेड कोनी बसवलं?"

"मी."

"छाप कुठाय?"

"आत." आणि मग माझ्याने राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "कुंकवाची बाजू आत कशी फिरवणार? ताईंना वाईट वाटलं असतं."

दाराशी कुजबुज झाली. सुमनताई पुढे आल्या. मी मान खाली घातली. आता बोलणी खायची, अशी मनाची तयारी केली.

"अगं शोभा," त्या म्हणाल्या, "फिरवायचं ना! देव काय एकाच बाजूला बसतो का मशीनच्या? आणि एवढं होतं तर मला विचारायचं. मी स्वतः पुसून दिलं असतं." मग सेठकडे वळून म्हणाल्या, "सेठ, कुंकू मी लगाया. पाटावर उलटं-सुलटं नहीं देखा. गलती मेरी है."

"नाय नाय," मिस्त्री म्हणाले, "मी तिला छाप दाखवला, दात नाय दाखवले. शिकवनाऱ्याची चूक हाय ती."

सेठनी आमच्या तिघांकडे बघितलं. "अच्छा. गलती सबकी है. तो माल कौन काटेगा? गाड़ी दोपहर को आएगी."

मिस्त्री म्हणाले, "हीच काटेल. सेठ, बावीस वर्सं मी पोरांना मशीन शिकवतो. फळी अडकली का पोरगा जोर लावतो. तुमी समोर असाल तर दुप्पट लावतो. आपनहून बंद करनारं मी आज पयल्यांदा बघितलं. बाकीचे बोट गेल्यावर बंद करतात."

सेठनी मला विचारलं, "हाथ दुख रहा है?"

"हां, सेठ."

"तो पहले चाय पी. फिर ब्लेड सीधा लगा. फिर काट." आणि ते ऑफिसात निघून गेले. त्यांनी मिस्त्रींना लांब उभं राहायला पुन्हा सांगितलं नाही.

चहा सुमनताईंनी आणला. ब्लेड मीच फिरवलं. या वेळी मिस्त्रींनी माझं बोट धरून एकेका दाताचा कल दाखवला. तीच काळी पडलेली फळी दुसऱ्या टोकाने लावली. आवाज जाड झाला, भुसा उडाला, आणि फळी अशी सरळ पुढे गेली की ढकलतेय असं वाटलंच नाही. दुपारच्या गाडीचा माल वेळेत निघाला. महिनाअखेर हजेरीपटावर माझ्या नावापुढे हेल्पर जाऊन ऑपरेटर आलं.

त्या मशीनवर मी अकरा वर्षं होते. नंतर आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. मनगट अजून थंडीत ठणकतं, पण दहाची दहा बोटं जागेवर आहेत. भोईर मिस्त्री आता नाहीत. सुमनताई बदलापूरला मुलाकडे असतात आणि फोनवर अजूनही मला "जेवलीस का" असं दरडावून विचारतात. या दोघांचे आभार मानायचे राहून गेले, असं मी म्हणणार नाही. मी मानले होते, आणि दोघांनीही ते उडवून लावले होते.

या सगळ्यातून मी काय शिकले, असं नव्या मुली विचारायच्या. त्यांना मी एवढंच सांगायची. लोकांना काय वाटेल म्हणून काही करायचं असेल, तर करण्याआधी त्या लोकांना विचारून घ्या. बहुतेक वेळा त्यांना काहीच वाटणार नसतं. मी सहा वर्षं सुमनताईंच्या शेजारी बसून डबा खात होते, आणि त्यांना एक साधा प्रश्न विचारण्याऐवजी माझा अंगठा द्यायला निघाले होते.