मोडलेल्या टिकलीची कॅसेट

बंद पडलेलं काहीही समोर ठेवा, घड्याळवाले एवढंच म्हणायचे, "कुठे अडलंय ते आधी बघू." एकदा एका गिऱ्हाइकाने चेष्टेत आपला झोपाळू जावई आणून बसवला, तर यांनी डोळ्याला भिंग लावून त्यालाही तपासलं आणि किल्ली सासूबाईंकडे राहिली असावी असं निदान केलं.

असा माणूस, पण घरातल्या एका कॅसेटला मात्र जपून हात लावायचा. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची ती कॅसेट. दोन वर्षांनी बायको गेली. तिचं हलतंबोलतं रूप उरलं ते तेवढंच. कॅसेट घरी आली त्याच दिवशी त्यांनी तिच्या कडेची प्लास्टिकची टिकली चिमट्याने मोडून टाकली होती. टिकली मोडली की, ते भोक कोणी बुजवेपर्यंत, वर दुसरं काही भरता येत नाही, हे त्यांना शिकवलं धाकट्या भावाने. भावाचं व्हिडिओचं दुकान होतं ना.

लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, मला आईचा चेहराच आठवत नाही. डीव्हीडी करून द्या."

कॅसेट भावाकडे गेली, आठवड्याने डीव्हीडी आली. लावून बघतात तर बायकोच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन, फरशी बसवल्यासारखे. तिने मान वळवली की नाक मागेच राहायचं. टेप जुनी झाली, भाऊ म्हणाला.

पण घड्याळवाले न उघडता मानणारे नव्हेत. त्यांनी डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. वायर बदलली. शेजारच्या मावशींचा प्लेअर नवा, म्हणून त्यांची मालिका मध्येच बंद करवून तिथे लावली. त्यावरून मावशींनी पुढे आठवडाभर टोमणे मारले. चौकोन काही हलेनात. मात्र सुरुवातीला भावाच्या दुकानाचं नाव यायचं, ते अगदी लख्ख. म्हणजे प्लेअर ठीक, वायर ठीक. मग त्यांनी डिस्कवरची यादी पाहिली. आणखी तिघांची लग्नं तिच्यातच कोंबली होती! सहा तासांचा ऐवज एका डिस्कवर. चित्र चुरगळणार नाही तर काय?

घड्याळवाल्यांचा जीव भांड्यात पडला. दोष सापडला, कॅसेट भावाकडे आहेच, आता ती एकटीच नव्या डिस्कवर भरायची. ते हसतच दुकानात गेले.

भाऊ आत गिऱ्हाइकाशी बोलत होता. कॅसेट फळीवर होती, यांच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. उचलून त्यांनी सवयीने कड चाचपली. मोडलेल्या टिकलीच्या जागी चिकटपट्टी होती, नखाने नीट दाबून बसवलेली. मशीनवर लावली. कुठल्याशा शाळेच्या शर्यती, शेवटपर्यंत.

भाऊ बाहेर आला. ऐनवेळी कोरी टेप नव्हती म्हणाला, आणि डीव्हीडी तर झालीच होती की.

"मागितली असतीस तर दहा कोऱ्या आणून दिल्या असत्या," घड्याळवाले म्हणाले. "टिकली मोडायला तूच शिकवलंस ना मला?"

लेक ते चौकोन घेऊनच गेली. आवाज तेवढा स्वच्छ होता, त्यावर तिने भागवलं.

महिन्याभराने भाऊ बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आला. वीस वर्षं तो ते असंच टेबलावर टाकायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा. त्या दिवशीही टाकलं, स्टूल ओढलं. घड्याळवाल्यांनी घड्याळ कानाशी धरलं, झाकण उघडून आत पाहिलं, दुरुस्त होईल म्हणाले. मग पावतीपुस्तक पुढे घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता विचारलं,

"नाव काय लिहू?"