नाही म्हणणारा चेहरा

मास्तरांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या नमस्काराला उत्तरच दिलं नाही. मान कलती करून, एक डोळा बारीक करून ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "डावी भुवई वर आहे तुमची. कुणी सांगितलं नाही कधी?" त्यांची मुलगी माधवी ओशाळली. "बाबा, अहो निदान बसा तरी म्हणा तिला!"

द हेगमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. माधवी दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. शहात्तर वर्षांचे मास्तर तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आणि महिनाभरात करोनामुळे विमानं बंद झाली.

साताऱ्याकडच्या एका शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली होती. पण त्यांचं नाव होतं ते तसबिरींसाठी. शाळांचे संस्थापक, बँकांचे अध्यक्ष, कुणाचे वडील, कुणाची आजी, सगळे फोटोवरून तैलरंगात उतरवलेले. "माझी सगळी गिऱ्हाइकं वारलेली," ते मजेत सांगत. "फार सोशिक. हलत नाहीत, कंटाळत नाहीत."

फिरायला जायची तेवढी मोकळीक होती. दोन गल्ल्या पलीकडे वृद्धांचं एक निवासगृह होतं. आत कुणालाच सोडत नसत, म्हणून नातेवाईक बाहेर फुटपाथवर उभे राहून काचेतून हात हलवत. तळमजल्यावरच्या शेवटच्या खिडकीत चाकाच्या खुर्चीत एक डच आजी बसलेली असे. तिच्याकडे कुणीच यायचं नाही. एप्रिलमधल्या एका सकाळी मास्तर फिरून आले आणि कोट न काढताच खुर्चीत बसले. मी भाजी द्यायला खाली गेले होते. "आज मी चेहरा पाहिला," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. नव्वदीची बाई, रुंद जबडा, नाक जरा वाकडं. खरं सांगायचं तर मला काहीच विशेष दिसलं नाही, आणि मी तसं म्हटलंही.

"तुम्ही वय बघताय," मास्तर म्हणाले. "मी हाडं बघतोय. आणि त्यांवर उजेड कसा बसलाय ते."

मग रोज अकरा वाजता घडीचं स्टूल, कागद लावायची फळी आणि पेन्सिली घेऊन ते त्या खिडकीसमोर जाऊन बसू लागले. आठव्या दिवशी त्यांनी पूर्ण झालेलं चित्र काचेला लावलं. हुबेहूब होतं. आजीने चष्मा चढवला, सावकाश पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मला वाटलं, त्यांना लागेल. पण घरी येताना ते जवळजवळ पळत होते. "पन्नास वर्षांत मला कुणी नाही म्हटलं नव्हतं हो! मेलेली माणसं काय तक्रार करणार?"

पुढच्या चित्रालाही नाही. त्याच्या पुढच्यालाही. मे संपेपर्यंत माधवीच्या बैठकीत कागदांचा ढीग झाला. मास्तरांचं जेवणात लक्ष नव्हतं. एक दिवस जिन्यात मला गाठून, खाली बघत त्यांनी विचारलं, "इथे कलप मिळेल का? नाही, म्हणजे, तीही मला रोज बघतेच ना." मी आणून दिला. त्यांनी मिशा काळ्याभोर केल्या. त्या दिवशी खिडकीसमोर बसलेले असताना पावसाची बारीक भुरभुर आली आणि हनुवटीवर काळे ओघळ उतरले. मला हसू फुटणार होतं, पण त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. ते तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं पाहून मी रुमाल नुसता हातात धरून उभी राहिले.

जूनमध्ये भारतात परतणाऱ्यांसाठी खास विमानं सुटू लागली. मास्तरांना जुना दमा होता. माधवीने खटपट करून जागा मिळवली.

"चित्र झाल्याशिवाय नाही," मास्तर म्हणाले.

"बाबा, आईला जाऊन दोन वर्षं झाली. आता तुम्हालाही काही झालं तर?"

"तुझ्या आईला मी जन्मात एकदाही समोर बसवलं नाही, माधवी. काढली ती फोटोवरून. ती गेल्यावर."

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

आजीची देखभाल करणारी सुनीता सुरीनामी होती, पूर्वी तिकडे मळ्यांवर मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशातली. तिच्या पणजोबांची हिंदी तिच्या घरात अजून टिकून होती. एकदा तिने हवेसाठी खिडकी बोटभर उघडली तेव्हा मास्तरांनी लांबूनच तिला विचारलं, "उनको पूछो ना, गलती किदर है?" सुनीताने वाकून आजीला विचारलं. आजी बराच वेळ बोलत होती. सुनीताने सांगितलेल्याचा अर्थ असा होता: हा माणूस मला शांत काढतो. मी शांत नाही. मी रागावलेली आहे.

मास्तर पांढरे पडले. वाटेत एकच वाक्य बोलले, "माझ्या हाताला गेलेल्यांचीच सवय आहे."

त्यानंतर कित्येक आठवडे ते तिथे नुसते बसले. पेन्सिल खिशातच. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी कोळशाने, एका बैठकीत त्यांनी ते चित्र केलं. मी शेजारी होते. कागदावर साम्य पूर्वीपेक्षा कमी होतं. पण त्यातली बाई असं बघत होती की मी नकळत एक पाऊल मागे सरले. मास्तरांनी ते काचेला लावलं. आजीने पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिने मान खाली केली, वर केली. होय.

मास्तरांनी हात जोडले. मान वर करायला त्यांना वेळ लागला.

पुढेही ते रोज जात राहिले, रिकाम्या हातांनी. डिसेंबरमध्ये त्यांना ताप आला. आजार कुठून आला, ट्राममधून की दुकानातल्या रांगेतून, कुणाला कळलं नाही. दवाखान्यात माधवीला एकदाच भेटू दिलं. "दमलोय गं," ते तिला म्हणाले. "पण एकदा जमलं मला." चार दिवसांनी ते गेले. त्यांना त्या विमानात बसवायला हवं होतं का, हे माधवी मला अजून विचारते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्या खिडकीपाशी गेले. सुनीताला बोलावून सांगितलं, तिने आत जाऊन आजीला सांगितलं. आजी रडली नाही. तिने जबडा घट्ट मिटला, डोळे माझ्यावर रोखले, आणि वाकड्या नाकापासून कपाळापर्यंत तो सगळा चेहरा असा उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. आठ महिने मास्तर काय बघत होते ते मला तेव्हा दिसलं.

मग ती सुनीताला काहीतरी म्हणाली. सुनीताने खिडकी बोटभर उघडली. "नाम पूछ रही है. बाबूजी का."

इतक्या महिन्यांत तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हा सगळ्यांचे ते मास्तर.

"वामन," मी मोठ्याने म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं. मी मास्क खाली ओढला आणि ओठ दिसतील असं पुन्हा म्हटलं, "वा-मन."

सुनीताने खिडकी लावून घेतली. काचेमागे आजीचे ओठ हलले, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते नाव बरोबर आलं.