वच्छलाबाईचा गुडघा

दूधवाला पाणी घालतो, दुकानदार काटा मारतो आणि डॉक्टर लोक धडधाकट माणसाला आजारी करतात, यावर दर्यापूरकडच्या वच्छलाबाईचा पक्का विश्वास. त्यामुळे साठी उलटल्यावर ती अंगणात वरचेवर पडू लागली, तेव्हा तिनं संशय गुडघ्यावर घेतला नाही, सुनेवर घेतला.

सून आरती रोज सकाळी अंगण धुवायची. "मुद्दाम साबनाचं पानी टाकते," वच्छलाबाई शेजारच्या माणिकबाईला सांगायची. "मी एकडाव खाटेवर पडली का वावर इले मोकळं." माणिकबाई ते चार घरी पोचवायची. आरतीनं अंगण धुणं बंद केलं, तरी वच्छलाबाई अंगणभर राख पसरून मगच पाऊल टाकायची.

शेवटी मुलगा गोपाल तिला अमरावतीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हाडांमधली गादी झिजली आहेच. पण दोन हाडं बांधून ठेवणारा लिगामेंटही आतून विरत चाललाय. म्हणून पाय दगा देतो. काठी घ्या."

"मार ना लागता कसा विरन?"

"या दुखण्यात विरतो. मार लागायलाच हवा असं नाही."

परतीच्या एसटीत ती गोपालला म्हणाली, "तुह्या बायकोनं आधीच फोन करून ठेवला असन त्याले."

पुढं सीतादहीची पूजा आली. कापूस वेचायला लागण्याआधी घरच्या बाईनं कपाशीच्या झाडाला दहीभात द्यायचा; तो मान वच्छलाबाईनं कधी सोडला नव्हता. आरतीला तिनं धुऱ्याच्या बांधावरच थांबवलं आणि काठी न घेता एकटीच वावरात शिरली. वेचणीच्या बाया बघत होत्या, त्यांत माणिकबाईही होती. चार पावलांवर, सपाट जमिनीवर, गुडघा आतल्या आत सरकला आणि ती खालीच बसली. वाटीतला अर्धा दहीभात मातीत गेला.

तिनं आधी जमीन चाचपली. कोरडी ठणठणीत. मागं वळून पाहिलं, तर जवळपास कोणी नाही. संशय घ्यायला माणूसच उरला नव्हता. वच्छलाबाईला आयुष्यात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

आरती धावत आली आणि हातभर अंतरावर थबकली. "हात लावू का, आई? नाई तं मनसान, मीच पाडलं."

वच्छलाबाई माणिकबाईकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "अंगनातबी इनं नोतं पाडलं मले. माहा गुडघाच खोटा निघाला." मग तिनं वाटी सुनेपुढं धरली. "घे. तूच दे झाडाले."

आरतीनं वाटी घेतली. सासूला उठवायला मात्र तिनं माणिकबाईला हाक मारली.